वाचणें आणि म्हणणें

पहिलीच्या वर्गांतलें मूल घरीं पुस्तक उघडून बसतें. बोट ओळीवरून सरकत असतें, धडा खणखणीत आवाजांत आरंभापासून शेवटपर्यंत पुरा होतो, आणि ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत सर्व मंडळी संतुष्ट होतात. मुलाला वाचतां येऊं लागलें, अशी वार्ता घरभर पसरते. अशा वेळीं एक लहानशी परीक्षा घेऊन पाहावी. कागदाच्या तुकड्याला एक शब्द दिसेल एवढी खिडकी कापावी, तो तुकडा त्याच पानावर ठेवावा, आणि धड्याच्या मध्यावरचा एखादा शब्द उघडा करून, “हा शब्द कोणता?” असें विचारावें. पुष्कळ मुलें येथें थबकतात. कांहीं तर मनांतल्या मनांत पहिल्या शब्दापासून धडा म्हणत म्हणत त्या जागेपर्यंत येऊन पोंचतात. मूल इतका वेळ धडा म्हणत होतें; त्याला वाचन म्हणतां येत नाहीं.

यांत मुलाची लबाडी मुळींच नाहीं. आपल्या घरांतून पाठांतराची परंपरा फार जुनी. दिवेलागणीला परवचा, पाढे, रामरक्षा हें सारें कानांनीं ऐकावें आणि तोंडानें म्हणावें, ही संवय मुलाला शाळेंत जाण्यापूर्वींच लागलेली असते. शाळेंत शिक्षक ओळ सांगतात, सारा वर्ग एका सुरांत ती म्हणतो, आणि घरीं येईपर्यंत धडा मुखोद्गत झालेला असतो. पाठांतराला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. त्यानें कान तयार होतो, उच्चार स्वच्छ होतात, शब्दांचा सांठा वाढतो. आणि या सर्वांचा वाचनाला उपयोगच होतो. अडचण इतकीच कीं, ज्याचें पाठांतर चांगलें त्याच्या वाचनांतील उणीव वर्ष-दोन वर्षें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तिसरीपासून धडे लांबतात, गणिताचीं उदाहरणें शब्दांत येऊं लागतात, आणि मग अकस्मात् मूल मागें पडूं लागतें. तेव्हां घरांत निदान होतें तें असें: “लक्ष नाहीं”, “फार खेळकर झाला आहे”, “हिची बुद्धीच बेताची”. खरें कारण दोन वर्षें मागें राहिलेलें असतें, आणि मुलाच्या कपाळीं शिक्का मात्र जन्माचा बसतो.

आपली लिपि उच्चाराप्रमाणें चालते, म्हणून मराठी वाचणें सोपें, असें आपण अभिमानानें म्हणतों. इंग्रजीशीं तुलना केली तर तें खरेंहि आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलापुढें काय वाढून ठेवलेलें असतें, तें एकदां मोजावें. ‘क’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत छत्तीस व्यंजनें धरलीं आणि प्रत्येकाची बारा रूपांची बाराखडी धरली, तर आकृति होतात ४३२, जोडाक्षरें निराळींच. इंग्रजींत लहान व मोठीं अक्षरें मिळून ५२. कन्नड लिपीची घडण या बाबतींत आपल्यासारखीच आहे. कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास करून सोनाली नाग यांनीं २००७ सालीं जें संशोधन प्रसिद्ध केलें, त्यांत अशी अक्षरमाला पुरती हस्तगत होण्यास प्राथमिक शाळेचीं बरींच वर्षें जातात, असें दिसून आलें. तेव्हां दिवाळीपर्यंत सारी बाराखडी आली पाहिजे, हा वडीलधाऱ्यांचा आग्रह केवळ उतावळेपणाचा होय.

आपल्या शाळांतून पुष्कळदां ग, म, भ, न या अक्षरांनीं आरंभ होतो. यांच्या रेघांची ठेवण जवळजवळची असल्यामुळें तीं लिहावयास सोपीं जातात, आणि चारच अक्षरांत मन, नग, गगन, नमन असे शब्द हातीं येतात. मात्र हाताला जें सोपें तें डोळ्याला अवघड पडतें: म आणि भ, तसेंच पुढें घ आणि ध, ब आणि व, हीं अक्षरें मूल महिनोगणती एकमेकांत मिसळतें. नंतर येते वेलांटी. ‘किती’ हा शब्द घ्या. डोळ्याला प्रथम भेटते ती ऱ्हस्व वेलांटी, आणि तोंडानें प्रथम उच्चारावयाचा तो ‘क’. डावीकडून उजवीकडे जाण्याचा जो नियम आपणच मुलाला शिकविला, तो येथें आपणच मोडावयास लावतों, आणि मूल गोंधळलें तर रागावतों!

याहून नाजूक गोष्ट उच्चाराची. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ लिहितांना एकच, उच्चारतांना दोन. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. अक्षरें तींच, ‘ज’ मात्र निराळा. अर्थ कळल्यावांचून येथें उच्चारच करतां येत नाहीं. तीच गोष्ट ‘गवत’ या साध्या शब्दाची. मूल ‘ग’, ‘व’, ‘त’ अशीं तीन अक्षरें सुटीं सुटीं, प्रत्येकावर सारखा जोर देऊन म्हणतें. बोलतांना आपण शेवटच्या ‘त’ वर असे थांबत नाहीं. त्यामुळें तिन्ही अक्षरें बरोबर म्हणूनहि शब्द कानांत उमटत नाहीं. दोनदां, तीनदां म्हटल्यावर एकाएकीं मुलाचा चेहरा उजळतो आणि तें ओरडतें, “गवत!” ही जी उडी, तिचें नांव वाचन. आणि ही उडी मूल घेऊं शकतें, कारण गवत त्यानें पाहिलेलें असतें, शब्द ऐकलेला असतो. अनोळखी शब्दावर तेंच मूल अक्षरांच्या काठावर उभें राहतें.

अक्षरांपासून आरंभ करावा कीं शब्दांपासून, हा वाद शिक्षकवर्गांत फार दिवस चाललेला आहे. मला दोन्ही पक्ष अर्धे खरे वाटतात. अक्षर पक्कें नसेल तर मूल चित्र पाहून शब्दाचा तर्क करूं लागतें. आणि केवळ अक्षरेंच घोटलीं तर वाचन म्हणजे एक कंटाळवाणें ओझें, असें त्याच्या मनांत बसतें. ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीं ओळखणारीं माणसें होऊन गेलीं. वकिली सोडून गिजुभाई बधेका १९१६ सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गेले, १९२० सालीं तेथें बालमंदिर निघालें, आणि पुढें ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरीबाईंच्या पद्धतींत खरखरीत कागदाचें अक्षर मूल बोटानें गिरवतें व त्याच वेळीं तोंडानें त्याचा ध्वनि काढतें. (पंतोजींच्या धूळपाटीवरहि बोटच फिरत असे, हें येथें आठवतें. फरक इतका कीं, तेथें छडी जवळ असे.) ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह वारली मुलांसाठीं काम केलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच कुरणांत नेली. तेथील मुलांच्या घरची बोली निराळी. पुस्तकांतले शब्द त्यांना परके. तेथें अक्षरओळखीपूर्वीं गाणीं, गोष्टी व संभाषण यांचें महत्त्व कोणालाहि पटावें.

त्याच जिल्ह्यांतील वाडा तालुक्यांत आणि कर्नाटकांतील यादगीर येथें २०११ ते २०१६ या काळांत पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा दीर्घ अभ्यास झाला. शाळेचा बहुतेक वेळ अक्षरें शिकविण्यांत व उतरवून घेण्यांत जातो, आणि वाचलेल्या मजकुराच्या अर्थाविषयीं बोलणें किंवा मुलानें स्वतःच्या मनचें लिहिणें यांना क्वचितच जागा मिळते, असें त्यांत आढळलें. परिणाम काय होतो, तें ‘असर’ नांवाच्या देशव्यापी पाहणींत दिसतें: २०१८ सालीं ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं जवळजवळ निम्मीं मुलें दुसरीच्या योग्यतेचा उतारा वाचूं शकलीं नाहींत.

सुशिक्षित घरांत असें होणार नाहीं, अशी समजूत असते. परंतु मोठ्या कुटुंबांत संकट निराळें. तेथें शिक्षक फार! आजोबा ‘क ला काना का’ घोकून घेतात, आई शाळेंतील बाईंच्या रीतीनें सांगते, काका मध्येंच इंग्रजी मुळाक्षरें काढतात. मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत असेल, तर मराठी वाचन आजीकडे व सुटीकडे सोपविलेलें असतें. प्रथम वाचन घरच्या भाषेंत पक्कें व्हावें, असें माझें स्पष्ट मत आहे. ओळखीच्या शब्दाखेरीज ती ‘गवत’ ची उडी मारतांच येत नाहीं. सर्वांत अधिक नुकसान करतें तें मात्र शेजारीं बसलेलें मोठें भावंड. लहानगें अडखळलें रे अडखळलें कीं, तें शब्द सांगून मोकळें होतें. मुलाला धडपडूं द्यावें, आपण मनांत दहा अंक मोजावे, आणि तरीहि न जमलें तर शब्दाचा अर्धा भाग झांकून उरलेला वाचावयास सांगावा.

एक उपाय अगदींच घरगुती आहे. वाणसामानाची यादी मोठ्या, स्वच्छ अक्षरांत लिहावी आणि दुकानांत ती मुलाकडून वाचवून घ्यावी. कालची यादी पाठ असून आज उपयोग नसतो. पोहे, गूळ, हळद, जिरें, हे शब्द मुलाच्या घरांतलेच. ‘ज्वारी’ चें जोडाक्षर अडलें तर फळीवरचा ज्वारीचा डबा त्याला आठवून द्यावा. वाचतांना मुलानें ‘मीठ’ गाळलें, तर कोणीं टोकूं नये. दुसऱ्या दिवशींची आमटी अळणी होईल, तेवढी सर्वांनीं मुकाट्यानें जेवावी.