पाणी कोठून प्यालात?

बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेल्या धरणाचे पाणी उल्हास नदीत येते, जांभूळ येथे उचलून शुद्ध केले जाते आणि तेथून नळांवाटे उल्हासनगर, अंबरनाथ व त्यांच्याही पलीकडच्या वस्त्यांत पोहोचते. या वाटेवर कोठेही नमुना घेऊन त्याची परीक्षा करता येते. परंतु एखाद्या चाळीत काविळीची साथ उद्भवली म्हणजे कोणाच्या पोटात कोणते पाणी केव्हा गेले, हे त्या माणसालाच विचारावे लागते. म्हणूनच साथीच्या तपासात प्रश्न हे परीक्षानळीइतकेच शास्त्रीय उपकरण आहे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ‘ई’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा, सरासरीने पाच-सहा आठवडे लोटतात. तेव्हा कालपरवाच्या पाण्याची चौकशी करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याला सव्वा महिन्यापूर्वीची दिनचर्या उभी करायची असते, आणि ती तारीख विचारून उभी राहत नाही. नळ बंद पडून टँकर आला तो गौरीविसर्जनाच्या आधी की नंतर, पगार झाला होता का, घरची माणसे तेव्हा गावी होती का, अशा खुणांच्या आधारानेच स्मृती मागे जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुलांच्या अतिसाराविषयी केवळ मागच्या दोन आठवड्यांपुरतेच विचारतात, याचे कारणही हेच. किरकोळ आजार आई लवकर विसरते.

माणसाला जे ठाऊक असणे शक्य नाही, ते त्याला विचारू नये. १८५४ साली दक्षिण लंडनमध्ये पटकीचा शोध घेताना डॉ. जॉन स्नो यांना आढळले, की एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ असून आपले पाणी कोणत्या कंपनीचे हे पुष्कळ भाडेकऱ्यांना सांगता येत नाही. तेव्हा त्यांनी सिल्व्हर नायट्रेट घालून पाण्यातल्या क्षाराचे प्रमाण पाहिले आणि त्यावरून कंपनी ओळखली. आपल्याकडेही कोठे महामंडळाचे, कोठे जीवन प्राधिकरणाचे, अंबरनाथच्या काही भागात चिखलोली धरणाचे पाणी असताना, ‘तुमचे पाणी कोणाचे?’ असे न विचारता पाणीपट्टीची पावती पाहावी आणि नळ किती वाजता येतो ते विचारावे. ‘उकळून पिता ना?’ या प्रश्नाला तर प्रत्येक गृहिणी होकारच देईल. त्याऐवजी आजचे पिण्याचे पाणी कसे भरले ते दाखवण्याची विनंती करावी. हेच सारे शेजारच्या निरोगी घरांतही त्याच शब्दांत विचारले पाहिजे, नाहीतर आजाऱ्यांच्या उत्तरांची तुलना करायला काहीच उरत नाही.

ही कावीळ गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, प्राणघातक ठरू शकते. परंतु पहिल्या महिन्यांतली गोष्ट सून सासऱ्यासमोर बोलणार नाही. तेथे स्त्री-प्रश्नकर्ती आणि थोडा एकांत हवा. उल्हासनगरातल्या वृद्ध सिंधी आजींशी सिंधी जाणणारे कोणी हवे, ठाकूर-कातकरी वाड्यांवर तेथल्या बोलीत रुळलेली आशाताई हवी. बारवीच्या खोऱ्यात आणखी एक भान ठेवावे लागते: धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाड तालुक्यातली गावे उठली, आणि ज्यांनी मोजणीचे कागद पाहिले आहेत त्यांना कागद हाती घेऊन दारी आलेल्या सरकारी माणसाविषयी शंका वाटली तर तो त्यांचा दोष नव्हे. आपण कोण, कशासाठी आलो आणि उत्तर नाकारण्याचा अधिकार त्यांना आहे, हे आधी सांगितलेच पाहिजे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या झाल्या, तेव्हा लोकांनी रोगी लपवले. रँडसाहेबांच्या हुकमाने घरांची दारे उघडली, तोंडे मात्र मिटली.

तेव्हा उल्हासनगर महानगरपालिकेने आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांनी साथीची वाट न पाहता पावसाळ्यापूर्वीच अशी प्रश्नावली तयार करावी, काही घरांत ती पडताळून घ्यावी, आशाताईंना पुरेसा वेळ व मोबदला द्यावा. आणि तपास संपल्यावर त्याचा निष्कर्ष दफ्तरात न ठेवता, ज्या घरांनी उत्तरे दिली त्या घरांना जाऊन सांगावा.