सही त्याची तोच करील

परवा रात्री साडेनऊच्या सुमाराला बेल वाजली. दारात शेजारच्या काकूंची धाकटी मुलगी लॅपटॉप घेऊन उभी, मागे काकू. "भाऊ, तुम्ही बँकेत होतात ना? हिचा फॉर्म तेवढा नजरेखालून घाला. उद्या शेवटची तारीख आहे."

बँक सोडून मला दोन तपं होत आली. २०००-२००१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तिच्यात मीही बाहेर पडलो आणि कादंबऱ्या लिहायला बसलो. पण सोसायटीच्या लेखी मी अजून बँकेतलाच. कादंबऱ्या कुणी वाचल्यात की नाही कोण जाणे, फॉर्म मात्र सगळे माझ्याकडूनच तपासून घेतात. आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री!

आमच्या वेळी असं चालत नसे, कारण चालूच शकत नसे. मी बँकिंग सेवा भरती मंडळाचा अर्ज भरला तेव्हा आधी पोस्टात जाऊन पोस्टल ऑर्डर काढायची, तिच्यावर दोन तिरप्या रेघा मारायच्या, गुणपत्रिकेच्या टंकलिखित नकला करायच्या आणि त्या साक्षांकित करून घ्यायला राजपत्रित अधिकारी शोधत हिंडायचं. वडिलांनी माझा अर्ज आधी पेन्सिलीनं भरला होता, मग मी त्यावर शाईनं लिहिलं. पोस्टात टाकल्याचं प्रमाणपत्र त्यांनी पंचांगात जपून ठेवलं. त्या सगळ्या कटकटीत एक फायदा होता. अर्ज आठ दिवस घरात असायचा आणि घरातली चार माणसं तो चार वेळा वाचायची. ती मंडळं २००१ मध्ये बंद झाली. २०११ पासून स्टेट बँक सोडून बाकीच्या सरकारी बँकांची सामाईक परीक्षा आयबीपीएस घेते, आणि अर्ज घरबसल्या अर्ध्या तासात भरता येतो. चूकही अर्ध्या तासात होते.

मी चष्मा लावला. पहिल्याच रकान्यात अडलो.

नाव. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर नाव आधी. बँकेच्या पासबुकात वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलीचं तर विचारूच नका, पदवी माहेरच्या नावाची आणि ओळखपत्र सासरच्या. परीक्षेच्या दारात उभा असलेला माणूस हॉल तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव ताडून पाहतो. ती तूच आहेस हे त्याला कसं कळावं? या मुलीची नावं सुदैवानं जुळत होती. मोबाईल नंबर मात्र तिचा नव्हता.

"हा कुणाचा?"

"सायबर कॅफेवाल्या दादांचा. सुरुवात त्यांनी करून दिली."

म्हणजे कॉल लेटरचा निरोप त्या दादांना जाणार. ते भले गृहस्थ असतील, पण दिवसाला त्यांच्याकडे कितीतरी मुलं येत असणार. नंबर तिचा घातला, ईमेलही तिचाच.

मग टक्केवारी. ५९.९९ होती, तिनं ६० लिहिले. तिच्या दृष्टीनं ती लबाडी नव्हतीच, शाळेत शिकवलेला पूर्णांक होता. पण बँकांच्या जाहिरातीत स्पष्ट छापलेलं असतं की ५९.९९ म्हणजे साठ नव्हेत. या जागेला नुसती पदवी पुरत होती, साठ टक्क्यांची गरजही नव्हती. कारण नसताना कागदपत्रांशी न जुळणारा आकडा अर्जात गेला असता. ओबीसीच्या रकान्याशी काकू म्हणाल्या, "दाखला आहे की आमच्याकडे." दाखला राज्य सरकारच्या कामासाठीचा होता. केंद्राच्या भरतीला नमुना वेगळा लागतो, राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही आणि नॉन-क्रीमी लेयरची तारीखही बघावी लागते. यादी उघडून पाहिली, जात होती. नव्या नमुन्यातला दाखला मुलाखतीच्या वेळीच नव्हे, आत्ताच काढायला घ्या, असं सांगितलं. हे सगळं त्या जाहिरातीत होतंच. पण जाहिरात कुणी वाचत नाही, सगळे थेट फॉर्म उघडतात.

खाजगी कंपन्यांच्या अर्जांबद्दल तर वेगळं लिहावं लागेल. 'ही नोकरी तुम्हाला का हवी' या प्रश्नाला आपली मुलं 'घरची परिस्थिती हलाखीची आहे' असं लिहितात. ते खरं असतं, म्हणून वाचताना पोटात तुटतं. पण वाचणाऱ्याला त्यावरून काही ठरवता येत नाही. आणि त्याच मुलानं वडिलांच्या किराणा दुकानाची उधारीची वही चार वर्षं सांभाळलेली असते, तरी अनुभवाच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं! का, तर पगार मिळाला नाही म्हणून. असे अर्ज मी शेकड्यांनी वाचले आहेत. त्यांतला एक अजून माझ्यामागे आहे.

१९९१ सालची गोष्ट. मी तेव्हाच्या औरंगाबादला आमच्या बँकेच्या प्रादेशिक कार्यालयात, कर्मचारी विभागात होतो. शिपायांच्या काही जागा भरायच्या होत्या. रिवाजाप्रमाणे सेवायोजन कार्यालयाकडून नावं मागवली, प्रत्येकाला पोस्टानं छापील अर्ज पाठवला. भरून आलेले गठ्ठे माझ्या टेबलावर. छाननीचा नियम एका ओळीचा होता: अपुरा अर्ज बाद. अशा कामात माणूस पहिल्या दिवशी अर्ज वाचतो, दुसऱ्या दिवशी रकाने बघतो आणि तिसऱ्या दिवसापासून फक्त मोकळी जागा शोधतो. सही नाही, बाद. फोटो नाही, बाद.

बीड जिल्ह्यातल्या एका गावाहून आलेला एक अर्ज फार नेटका होता. अक्षर शाळकरी, गोल. एक रकाना मोकळा नाही, जिथं काही नव्हतं तिथं 'लागू नाही'. फक्त सहीची जागा कोरी. आणि टाचणीनं लावलेली वहीच्या पानाची चिठ्ठी: भाऊ ऊसतोडीला कारखान्यावर गेला आहे, अर्ज मी भरला आहे, सही त्याची तोच करील, आल्यावर पाठवतो. खाली बहिणीचं नाव.

मी तो अर्ज साहेबांकडे नेला. त्यांनी चिठ्ठी वाचली, थोडे हसले आणि म्हणाले, "असे प्रत्येकाला थांबायला लागलो तर झालंच." त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. एकाला सवलत दिली की बाकीचे विचारणार. मी लाल पेननं 'सही नाही' असा शेरा मारला आणि अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात टाकला. एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं. मी टाकलं नाही.

गळीत हंगाम संपल्यावर, ऐन उन्हात, तो मुलगा आला. हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे, अंगात धुतलेला पांढरा सदरा. शिपायानं त्याला माझ्या टेबलाशी आणून सोडलं. म्हणाला, "साहेब, सही करायची राहिलीय, ती करायला आलोय."

जागा महिन्यापूर्वीच भरल्या होत्या. मी सांगितलं. वयाच्या अटीत त्याचं ते शेवटचं वर्ष होतं, ते त्यानंच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं. मी बसायला सांगितलं तर बसला नाही. थोडं थांबून त्यानं विचारलं, "बहिणीनंच सही ठोकली असती, तर चाललं असतं का?"

मी काही बोललो नाही. खरं उत्तर 'हो' असं होतं. त्या सहीशी ताडून बघायला आमच्याकडं दुसरी सही नव्हती. तो अर्ज सरळ मुलाखतीच्या गठ्ठ्यात गेला असता. पण हे त्याला कसं सांगणार? तो "बरं, येतो" म्हणाला आणि गेला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, हे घरी गेल्यावर आठवलं.

तेव्हापासून कुणीही अर्ज आणला की मी आधी शेवटचं पान बघतो. परवाही पाहिलं. आता तिथं नुसती सही नसते. फोटो, सही, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि इंग्रजीत एक प्रतिज्ञापत्र, की दिलेली माहिती खरी आहे. ते उमेदवारानं स्वतःच्या हातानं, पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईनं लिहायचं, सगळं कॅपिटल अक्षरांत नाही. दुसऱ्यानं लिहिलं तर अर्ज बाद. या मुलीचं प्रतिज्ञापत्र तयार होतं, मोत्यासारखं अक्षर. शेजारी सही होती ती मात्र किरट्या, उजवीकडे पडणाऱ्या अक्षरांची.

"हे तू लिहिलंस?"

ती आईकडे बघायला लागली. काकू म्हणाल्या, "ताईनं लिहिलंय हो तिच्या. हिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हटलं, जरा छाप पडेल."

"काकू, कुणाच्या लक्षात येणारही नाही कदाचित," मी म्हणालो. "पण ते तिचं तिनंच लिहायचं."

मी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला, काळं पेन दिलं. ती जमिनीवर पालथी पडून लिहू लागली, शाळेतल्या मुली लिहितात तशी, जीभ दातांत धरून. पहिला कागद खाडाखोडीनं गेला, दुसरा बरा आला. फोटो काढला तर फाईल ११२ केबी भरली, मर्यादा शंभरची. पुन्हा काढला, ९४. पावणेबाराला अर्ज गेला. काकूंनी प्रिंट काढून द्यायला सांगितली, पंचांगात ठेवायला म्हणून.