डोळ्यातील भिंगाची जागा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेविषयी बोलताना 'भिंग बसवले' असे आपण सहज म्हणून जातो. जणू खिडकीच्या चौकटीत काच बसवली. भिंग देशी की परदेशी, किंमत किती, याची चौकशी घरोघर होते. ते डोळ्यात नेमके कोठे बसले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आणि पुढे चष्म्यावाचून दिसणार की नाही, हे पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते. आम्ही येथे तेवढाच मुद्दा घेणार आहोत.

जुन्या पिढीतील वृद्ध ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हा मुद्दा समजण्यास यंत्राची गरज नाही. त्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंगच उरत नसे. त्याची उणीव दहा-बारा नंबरच्या जाड काचेने भरून काढावी लागे. लांबचे पाहताना ही मंडळी चष्मा डोळ्यांशी नेत, आणि पोथी वाचावयाची झाली की तोच चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणीत. काच तीच, पण सेंटिमीटरभर पुढे सरकली की तिचा परिणाम सुमारे एका नंबराने वाढे. भिंगाची शक्ती भिंगात असते ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी ते कोठे उभे आहे यात असते. शिवाय त्या काचेतून प्रत्येक वस्तू जवळजवळ पावपट मोठी दिसे. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असली तर दोन डोळ्यांची दोन चित्रे जुळत नसत, आणि जिन्याची पायरी जेथे दिसे तेथे नसे.

तेव्हा भिंग त्याच्या मूळ जागीच का ठेवू नये? लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी हा प्रयोग केला. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे कण शिरले होते आणि डोळ्याने ते निमूटपणे सहन केले होते. त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग रिडली यांनी करवून घेतले. पहिले भिंग फारच प्रबळ निघाले, रोगी स्त्रीला दूरचे अंधुक दिसू लागले व मोठा उणे नंबर लागला. हिशेबातील ही चूक लवकरच सुधारली. खरी अडचण पुढेच होती. ते जड भिंग काही डोळ्यांत जागा सोडून मागच्या पोकळीत घसरू लागले. आपल्याकडील जुने वैद्य सळईने गढूळ भिंग मागे लोटीत. येथे नवे भिंग आपण होऊनच तिकडे निघाले! मग काही शल्यवैद्यांनी ते बाहुलीच्या पुढे बसवून पाहिले. तेथे ते घसरेना, पण पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याच्या आतल्या पेशी त्याने झिजू लागल्या. कित्येक भिंगे पुन्हा काढावी लागली. अखेर १९८० नंतरच्या दशकात मूळ भिंगाची पातळ पिशवी शाबूत ठेवून, तिला पुढून गोल छिद्र पाडून, आतच नवे भिंग सोडण्याची रीत स्थिरावली. म्हणजे रिडली यांची जागाच योग्य होती.

जागा ठरली, तरी प्रश्न संपला असे नाही. वृद्धाचे नैसर्गिक भिंग चार-पाच मिलिमीटर जाड असते. नवे जेमतेम एक मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी. मोठ्या पिशवीत लहान वस्तू. पुढील काही आठवड्यांत पिशवी आक्रसते आणि भिंग तिच्याबरोबर किंचित पुढे किंवा मागे जाऊन स्थिरावते. पुढे गेले तर उणे नंबर येतो, मागे गेले तर अधिक. साधारण डोळ्यात एका मिलिमीटरचा फरक सुमारे सव्वा ते दीड नंबराचा पडतो. डोळा आखूड असेल तर भिंग अधिक शक्तीचे लागते, म्हणून तेवढीच चूक तेथे अधिक महाग पडते. लांब डोळ्यात ती बरीचशी खपून जाते.

आणि भिंगाचा नंबर तर शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवावा लागतो! डोळ्याची लांबी मोजता येते, पारपटलाची वक्रता मोजता येते. पण जे भिंग अजून पेटीत आहे ते महिन्यानंतर कोठे असेल, हे मोजणार कसे? ते अंदाजावरच सोडावे लागते. स्वेर्कर नॉर्बी यांनी २००८ साली या हिशेबातील चुकांची झडती घेतली, तेव्हा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३५ टक्के, भिंगाच्या जागेच्या अंदाजाचाच निघाला. डोळ्याच्या लांबीच्या मोजमापाचा १७ टक्के. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर अर्धा-पाऊण नंबर उरला म्हणून डॉक्टरांच्या हाताला दोष देणे आम्हांला घाईचे वाटते.

मात्र सर्वच दोष पिशवीच्या माथी मारता येणार नाहीत. तिरप्या नंबरासाठी जे टोरिक भिंग मिळते, ते ठरलेल्या कोनातच बसावे लागते. एक अंश फिरले की त्याचा सुमारे ३.३ टक्के उपयोग जातो. तीस अंश फिरले की सगळाच गेला. हा दोष वेळीच ओळखला तर पहिल्या काही आठवड्यांत भिंग फिरवून सुधारता येतो. भिंगाचा एक पाय पिशवीत व दुसरा बाहेर राहिला तर ते कलते, आणि कललेल्या भिंगाची सगळी कसर चष्मा भरून काढू शकत नाही. दूरचे व जवळचे दोन्ही दाखविणारी महागडी भिंगे तर मध्यापासून ढळणे फारच कमी सोसतात. मध्यावर बसलेले साधे भिंग हे ढळलेल्या महाग भिंगापेक्षा पुष्कळ बरे, असे आमचे मत आहे.

एका माणसाचे दोन डोळे सहसा सारखे वागतात. पहिल्या डोळ्यात अंदाज चुकला असेल, तर त्या चुकीचा साधारण निम्मा भाग दुसऱ्या डोळ्याच्या हिशेबात वळता करून घेतात, आणि उत्तर बरेच जवळ येते. त्यासाठी बसवलेल्या भिंगाचा नंबर व नंतर उरलेला चष्म्याचा नंबर, दोन्ही हाताशी लागतात. पुष्कळ घरांत पहिला कागद तोवर रद्दीत गेलेला असतो. तो जपून ठेवावा, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या तपासणीला जाताना सोबत न्यावा.