‘लघवी झाली का?’

हर्नियाचे ऑपरेशन होऊन सत्तरीतले एक आजोबा वॉर्डात येतात. नातेवाईक वेदनेची, जेवणाची चौकशी करतात. परिचारिका मात्र पुन्हा पुन्हा एकच विचारते, ‘आजोबा, लघवी झाली का?’ आजोबा ओशाळतात आणि ‘होईल हो’ म्हणत वेळ मारून नेतात. प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याचे खरे उत्तर लपवणे महागात पडू शकते.

आपली मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीर परत शोषून घेते आणि साधारण दीड लिटर लघवी तयार होते. ती मूत्राशयात साठते. ४०० ते ५०० मिलिलिटर साठल्यावर जोराची भावना होते. मग मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावतो आणि त्याच्या तोंडाशी असलेला, झडपेसारखे काम करणारा स्नायू सैल पडतो. हा मेळ मेंदू, मज्जारज्जू आणि नसा मिळून राखतात.

ऑपरेशननंतर नेमका हाच मेळ बिघडतो. कमरेत दिलेल्या भुलीमुळे मूत्राशय भरल्याची जाणीव काही तास होत नाही. मॉर्फिनसारखी वेदनाशामके स्नायूला सुस्त करतात. वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, जुना मधुमेह आणि बद्धकोष्ठता यांची त्यात भर पडते. शिवाय जन्मभर उभ्याने किंवा उकिडवे बसून लघवी करणाऱ्या माणसाला, चार लोकांच्या देखत, आडवे पडून ती होत नाही. हा हट्ट नव्हे. संकोचाने तो झडपेसारखा स्नायू आवळलेलाच राहतो.

तुंबलेल्या लघवीने मूत्राशय ताणले जाते, त्याचा स्नायू दुबळा होतो आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. थेंब थेंब लघवी होत असेल तर घरच्यांना हायसे वाटते. प्रत्यक्षात ते भरलेल्या मूत्राशयातून ओसंडणे असू शकते. वृद्धांमध्ये तर दुखण्याऐवजी केवळ अस्वस्थपणा किंवा असंबद्ध बोलणे दिसते.

म्हणून परिचारिका आधी साधे उपाय करते. पडदा ओढणे, डॉक्टरांची परवानगी असल्यास उठवून बसवणे किंवा आधार देऊन उभे करणे, नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकवणे, घाई न करणे. सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, तर ओटीपोट तपासून किंवा सोनोग्राफी करून लघवी साठली आहे का, हे पाहिले जाते. साठली असेल तर ती तुंबली आहे. मूत्राशय रिकामेच असेल तर लघवी तयारच कमी होते आहे. उपाय वेगळे असल्याने हा फरक महत्त्वाचा. प्रौढाची लघवी तासाला ३० मिलिलिटरहून कमी होत राहिली, तर डॉक्टरांना लगेच कळवतात.

कॅथेटर गरजेपुरताच असावा. तो जितके दिवस राहील, तितका संसर्गाचा धोका वाढतो. त्याची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगावी, जमिनीवर ठेवू नये, नळीला पीळ पडू देऊ नये.

घरी आल्यावरही ‘रात्री सुनेला उठवायला नको’ म्हणून अनेक वृद्ध पाणीच कमी पितात. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल, तर दिवसा पुरेसे पाणी द्यावे आणि ठरावीक वेळी त्यांना स्वच्छतागृहात न्यावे. ‘लघवी झाली का?’ हा प्रश्न मग घरच्यांनीही न लाजता विचारावा.