काळ्या चौकटींतले सहाध्यायी

माझ्या पुतणीने २०२०च्या नोव्हेंबरात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. सव्वा वर्षाने महाविद्यालयाचे दार उघडले, तेव्हा पहिल्याच दिवशी उपाहारगृहात ती शेजारच्या मुलीशी बराच वेळ बोलत बसली. निघताना नावे विचारली आणि दोघीही ओशाळल्या. तीन सत्रे त्या एकाच वर्गात शिकत होत्या. पण कॅमेरा बंद असलेल्या काळ्या चौकटीतले नाव एवढीच त्यांची ओळख होती.

मार्च २०२० मध्ये देशभरातील विद्यापीठे बंद झाली. त्यानंतरची चर्चा प्रामुख्याने जोडणीविषयी झाली, आणि ते योग्यच होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५व्या फेरीनुसार ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के, तर शहरांतील ४२ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. मात्र ज्यांना जोडणी मिळाली, त्यांनी काय गमावले, हा प्रश्न मागेच राहिला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे १८५७ आठवते. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेत आणि पदव्या देत. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम होते. ही त्रुटी जाणूनच सॅडलर आयोगाने १९१९ मध्ये अध्यापन करणाऱ्या निवासी विद्यापीठांचा पुरस्कार केला आणि १९२१ मध्ये ढाका विद्यापीठ त्या स्वरूपात सुरू झाले. विद्यार्थ्यांचे एकत्र राहणे हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. महासाथीत आपण नाइलाजाने पुन्हा परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठापाशी जाऊन पोहोचलो.

दिल्लीच्या वसतिगृहात माझा खोलीसोबती मणिपूरचा होता. पहिले काही महिने आम्ही एकमेकांच्या जेवणाला नाके मुरडली. नंतर एकाच ताटात जेवलो. पुढे सेवेत असताना ईशान्येकडील एखादी फाइल समोर आली, की मला आधी त्याचा चेहरा दिसे. असे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नसते. पडद्यावर मात्र माणसाआधी आडनाव दिसते, आणि आपल्या देशात आडनाव फार लवकर बोलू लागते.

ऑनलाइन नाती खोटीच असतात, असे मी म्हणणार नाही. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत अनेक विद्यार्थी रात्ररात्र फोनवर बसून अनोळखी रुग्णांसाठी प्राणवायू आणि खाटा शोधत होते. त्या आपुलकीला पडदा आड आला नाही. पण संकटातली धावपळ वेगळी आणि निवांत सहवास वेगळा. मतभेद झाल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसावे लागते, तेव्हाच माणूस जुळवून घ्यायला शिकतो. पडद्यावर मात्र एक बटण दाबून निघून जाता येते. ज्या मुलींना घराबाहेर पडल्यावरच मैत्रिणींशी मोकळेपणाने बोलता येत असे, त्यांची तर ती एकमेव जागाही गेली.

म्हणूनच आता धोरणाकडे पाहायला हवे. २०२१च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्ययनाच्या मसुद्यात ४० टक्क्यांपर्यंत अध्यापन ऑनलाइन करण्याची कल्पना मांडली. ‘स्वयम्’वरून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभाही आहे. दुर्गम भागातील विद्यार्थ्यासाठी ही सोय मोलाची आहे. परंतु इमारती आणि वसतिगृहांवरील खर्च वाचवण्याचा तो मार्ग ठरू नये. निदान पदवीचे पहिले वर्ष पूर्णतः प्रत्यक्ष असावे आणि वसतिगृहातील जागा ही शैक्षणिक गरज मानून तिच्यासाठी तरतूद व्हावी.

माझ्या पुतणीला पदवी वेळेवर मिळाली. त्या मैत्रिणीचा सहवास मात्र तिला जेमतेम निम्माच लाभला.