एक तासाचा कांदा

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून तो सुरू होण्याआधी कांद्याची हौस पुरती भागवून घ्यायची, असा हा खास आपल्याकडचा दिवस. चातुर्मास कडक पाळणारी घरं आता कमी झाली, पण कांदेनवमी चुकवणारं घर मात्र शोधूनही सापडायचं नाही! बाहेर पाऊस आणि घरात भजी, थालीपीठ, भरले कांदे, कांद्याचा झुणका. आमच्या घरी गेली काही वर्षं या यादीत एक परदेशी पाहुणा येऊन बसला आहे. फ्रेंच कांद्याचं सूप.

'फ्रेंच' हा शब्द ऐकून बिचकू नका, मैत्रिणींनो. मोठ्या शहरातल्या हॉटेलांत याची किंमत वाचून डोळ्यांत पाणी येतं, ते कांदा न चिरताच. पण हे सूप मुळात गरिबाघरचं. कांदा, पाणी, थोडं लोणी आणि शिळा पाव, एवढाच त्याचा पसारा. 'सूप' या शब्दाच्या मुळाशीही हा पावच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'सूप' म्हणजे ज्या पावाच्या तुकड्यावर गरम रस्सा ओतायचा, तो तुकडा. शिळं वाया घालवायचं नाही, हे काय फक्त आपल्याच आज्यांना ठाऊक होतं? आपण उरलेल्या पोळीचा कुस्करा करतो, त्यांनी पाव रश्श्यात बुडवला.

या सुपाला नाव मिळवून दिलं ते पॅरिसच्या 'ले आल' या घाऊक बाजाराने. बाराव्या शतकापासून शहराच्या मधोमध भरणारा हा बाजार. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला याने १८७३ मध्ये त्यावर कादंबरी लिहिली आणि तिचं नावच ठेवलं 'पॅरिसचं पोट'. रात्री गाड्या भरभरून भाजी, मांस, मासळी यायची आणि पहाटेपर्यंत हमालांच्या पाठीवरून इकडची तिकडे व्हायची. या हमालांना तिथे 'फोर' म्हणत, म्हणजे बलदंड. थंडीत रात्रभर ओझी वाहिल्यावर पोटाला आधार हवा, तो बाजारातल्या खाणावळी द्यायच्या. वाडगाभर कांद्याचं सूप, त्यावर पाव आणि वितळलेलं चीज. गंमत म्हणजे नाटकं, नाच, मद्यपान उरकून घरी निघालेले श्रीमंतही पहाटे तिथेच येत आणि तेच सूप पीत. १९६९ मध्ये हा बाजार पॅरिसबाहेर रँजीसला हलवला गेला. जुन्या लोखंडी मंडया पाडल्या गेल्या, सूप मात्र राहिलं.

हे वाचताना मला आपल्याकडच्या हमालांची आठवण येते. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने १९७४ मध्ये पुण्यात 'कष्टाची भाकर' सुरू केली, तीही ओझी वाहणाऱ्याला परवडेल असं पोटभर जेवण मिळावं म्हणूनच. बाजार कुठलाही असो, पाठीवर पोतं घेणाऱ्याची भूक सारखीच.

आता मुख्य गोष्ट, करायचं कसं? चार जणांसाठी एक किलो कांदे घ्या. उन्हाळ कांदा असेल तर उत्तम, त्यात पाणी कमी असतं. शिवाय तीन मोठे चमचे लोणी, एक चमचा तेल, एक छोटा चमचा मीठ, चिमूटभर साखर, दोन मोठे चमचे मैदा, दीड लिटर भाज्यांचं पाणी, मिरपूड, चार शिळे पाव आणि शंभर ग्रॅम चीज.

कांदे उभे, पातळ चिरा. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी-तेल गरम करून कांदा घाला आणि मंद आचेवर झाकण ठेवून पंधरा मिनिटं वाफवा. पातेलं काठोकाठ भरलेलं पाहून घाबरू नका, कांदा आळून पाव हिश्श्यावर येतो. मग झाकण काढा, मीठ-साखर घाला आणि ढवळत राहा. कमीत कमी पाऊण तास. हो, पाऊण तास!

इथेच आपला हात घाई करतो. आपल्याला सवय फोडणीची. कांदा गुलाबी झाला की पुढचं वाटण तयारच असतं. बिर्याणीचा कांदा आपण तेलात कुरकुरीत तळतो. हा कांदा तळायचा नाही, खवा आटवतो तसा सावकाश आटवायचा. कांद्यात बहुतेक पाणीच असतं. ते निघून गेल्याशिवाय आतली साखर तांबूस होत नाही. आच मोठी केली तर कडा करपतात आणि सूप कडू होतं. बुडाला तांबूस खरवड धरली की दोन चमचे पाणी शिंपडा आणि लाकडी उलथन्याने सोडवून कांद्यात मिसळा. सगळी चव त्या खरवडीत आहे. कांदा मुरंब्यासारखा मऊ आणि गुळाच्या रंगाचा झाला की मैदा घालून दोन मिनिटं परता, भाज्यांचं गरम पाणी ओता आणि अर्धा तास उकळू द्या.

फ्रान्समध्ये हे सूप बहुधा गोमांसाच्या अर्कात करतात, पांढरी वाइनही घालतात. आपण गाजर, कोबीचे दांडे, मटारची टरफलं उकळून गाळलेलं पाणी घ्यावं, चालत असेल तर कोंबडीचा अळणी रस्सा. वाइनचा आंबटपणा एक छोटा चमचा व्हिनेगर भरून काढतो. ते लोक 'थाइम' नावाचा पाला घालतात, तो आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही. पण थाइममधला वासाचा मुख्य घटक ओव्यातही असतो, म्हणून ओव्याचे आठ-दहा दाणे चुरडून घाला. जास्त नको, नाहीतर पोटदुखीचा काढा होईल!

पाव तव्यावर दोन्हीकडून खरपूस भाजा, वर किसलेलं चीज पसरा आणि मंद आचेवर झाकण ठेवून चीज वितळू द्या. तिकडे ग्रुयेर नावाचं चीज वापरतात, ते छान वितळतं. आपल्याकडे मोझरेला आणि साधं चीज निम्मं-निम्मं घेतलं की काम होतं. सूप वाडग्यात ओता, वर हा पाव ठेवा. ओव्हन असेल आणि वाडगे त्यात चालणारे असतील, तर पाच-सात मिनिटं वरून लाल करा. नसेल तरी काही अडत नाही.

हे सूप मी आमच्या बचत गटातल्या बायकांना करून दाखवलं. चव आवडली, पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "ताई, कांदा आपला, पाव शिळा. मग हॉटेलवाले एवढे पैसे कशाचे घेतात?" दुसरी म्हणाली, "अगं, तासभर ढवळलं कोणी?" सगळ्या हसल्या. पण उत्तर तेच होतं. या सुपात महाग असं काही असेल तर तो तास.

तेव्हा आमच्या गटाचा पापड-कुरडयांचा हिशेब चालू होता. वहीत रकाने होते पीठ, तेल, मीठ, गॅस, पिशव्या. मजुरीचा रकानाच नव्हता. 'घरचंच तर काम' म्हणून तो कोणी आखलाच नव्हता. आमच्यातली एक जण व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते. ती म्हणाली, "खळ्यावर माझा रोज ठरलेला असतो. मग चुलीपुढच्या तासाचं मोल शून्य कसं?" त्या दिवशी वहीत नवा रकाना आला आणि कुरडईचा भाव थोडा वाढला. काही गिऱ्हाइकांनी घासाघीस केली, पण आम्ही भाव उतरवला नाही. बरीचशी पुन्हा आली.

घरात रोजच्या स्वयंपाकाचं बिल कोणी फाडत नाही आणि फाडावं असं माझं म्हणणंही नाही. पण त्या तासाची जाणीव तरी असावी. ज्युलिया चाइल्ड ही अमेरिकन बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे पॅरिसला गेली आणि १९४९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तिथल्या पाकशाळेत दाखल झाली. पुढे १९६१ मध्ये तिचं आणि तिच्या दोन मैत्रिणींचं फ्रेंच स्वयंपाकावरचं पुस्तक आलं. कांदा मंद आचेवर किती मिनिटं ठेवायचा, हे त्यात तिने नेमकं सांगितलं. स्वयंपाकातला वेळ असा मोजून कागदावर आला की त्यामागचे कष्टही दिसू लागतात.

म्हणून एक सुचवते. हे सूप घाईच्या संध्याकाळी करू नका, रविवारी करा. कांदा दुप्पट परतून ठेवा. फ्रीजमध्ये तो चार दिवस छान राहतो आणि आमटीत, भाजीत, टोस्टवर कुठेही घालता येतो. आणि हो, ढवळायला काही स्वयंपाक यावा लागत नाही. चिरून द्या, आच लावून द्या आणि उलथनं घरातल्या एकेकाच्या हातात पंधरा-पंधरा मिनिटं द्या. नवरा, मुलगा, मुलगी, सगळे आलेच. सूप चांगलं होईलच. शिवाय पाऊण तास म्हणजे नेमका किती, हे सगळ्यांच्याच मनगटाला कळेल!