वासाचा मुक्काम

अठराव्या शतकात गायकवाडांच्या पाठोपाठ जी मराठी कुटुंबे वडोदऱ्यास येऊन स्थायिक झाली, त्यांच्या वंशजांच्या स्वयंपाकघरात आज दोन प्रांतांचे वास एकत्र नांदतात. सकाळी हिंगमोहरीची फोडणी आणि गोडा मसाला घातलेली आमटी, संध्याकाळी शेवउसळीची तर्री, हिवाळ्यात उंधियूचा ओवा व हिरवा लसूण, आणि ज्यांचे मूळ कोकणात आहे त्यांच्या घरी मधूनमधून मासळीचे कालवण. पानावर बसलेल्या माणसास हे वास हवेहवेसे वाटतात. परंतु तेच वास चार-पाच तासांनी दिवाणखान्याच्या पडद्यांतून येऊ लागले, की घरात अस्वस्थता पसरते आणि उदबत्ती, कापूर, सुगंधी फवारे, खाण्याचा सोडा, लिंबाच्या साली अशा उपायांची फौज मैदानात उतरते. या उपायांपैकी काही निरुपयोगी, काही अर्धवट उपयोगी आणि दोन-तीन तर सरळसरळ धोक्याचे आहेत, आणि त्यांच्या मुळाशी असलेला गैरसमज मात्र एकच आहे: वास ही काही तरी अशरीरी गोष्ट असून ती केवळ हवेत तरंगत असते, असे आपण धरून चालतो.

वस्तुस्थिती अशी की वास हा पदार्थच आहे. कढईतून उडून नाकापर्यंत पोहोचलेले सूक्ष्म कण व रेणू यांचेच ते नाव. आणि फोडणीच्या किंवा तळणीच्या वेळी हे रेणू एकटे निघत नाहीत, तेलाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबांवर स्वार होऊन निघतात. हे थेंब छताला, कपाटांच्या माथ्यावर, पडद्यांच्या विणीत आणि सोफ्याच्या कापडात जाऊन बसतात व तेथे त्यांचा एक चिकट थर तयार होतो, जो हवेतील प्राणवायूच्या संपर्काने हळूहळू खवट होत जातो. सकाळी दार उघडल्याबरोबर जो शिळा दर्प जाणवतो तो कालच्या हवेचा नसतो, या थराचा असतो. म्हणून खिडक्या तासभर उघड्या ठेवूनही तो जात नाही आणि कोमट पाण्यात भांडी घासण्याचे द्रावण कालवून ओट्यामागच्या फरशा व कपाटांचे माथे पुसले, पडदे धुतले, की विनासायास जातो. तेलात विरघळणारी वस्तू निव्वळ पाण्याने निघत नाही, ती साबणानेच निघते, एवढे साधे रसायनशास्त्र येथे पुरेसे आहे.

जुन्या शहरात, मांडवीच्या आसपासच्या पोळांत आणि वाड्यांत, घरांची तोंडे अरुंद व पोटे लांबलचक आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी लागून, तरीही स्वयंपाकाचा वास तेथे फारसा कोंडून राहत नसे, याचे श्रेय पुष्कळजण त्या काळच्या सात्त्विक आहारास देतात. हे श्रेय खरे तर चौकाचे व धुराड्याचे आहे. चुलीवर तापलेली हवा हलकी होऊन वर चढे, उघड्या चौकातून किंवा धुराड्यातून बाहेर पडे आणि तिची जागा घेण्यासाठी खालच्या दारांतून थंड हवा आपोआप आत येई. म्हणजे पंख्यावाचून चालणारी वायुवीजनाची एक संपूर्ण व्यवस्थाच त्या रचनेत अंतर्भूत होती. आजच्या सदनिकेत चौक नाही, धुराडे नाही, आणि नव्या रीतीप्रमाणे स्वयंपाकघर व दिवाणखाना यांच्यामधील भिंतही काढून टाकलेली. तेव्हा आहार कितीही सात्त्विक असला तरी फोडणीचा मुक्काम सोफ्यावर पडणार हे ठरलेलेच.

भिंत गेली म्हणून चिमणी आली, आणि चिमणीबरोबर तिच्याविषयीच्या समजुतीही आल्या. चिमणी बसवली म्हणजे वासाचा बंदोबस्त झाला, ही त्यांतील पहिली. बाजारात मिळणाऱ्या चिमण्या दोन जातींच्या असतात: एक, जी नळीवाटे हवा घराबाहेर टाकते, दुसरी, जी हवा ओढून, गाळून पुन्हा त्याच खोलीत सोडते. या दुसरीतील धातूची जाळी केवळ तेलकटपणा अडवते. वासाचे रेणू अडवण्याचे काम तिच्यातील सक्रिय कोळशाच्या थराचे, आणि तो थर काही महिन्यांत भरून निकामी होतो. तो वेळेवर न बदलल्यास ती चिमणी म्हणजे आवाज करणारा एक दिवा, यापलीकडे तिची उपयुक्तता उरत नाही. नळीची सोय ज्यांच्या घरी शक्य आहे त्यांनी नळीचीच घ्यावी, असा माझा निःसंदिग्ध सल्ला आहे. दुसरी समजूत अशी की चिमणी चालू असताना खिडक्या कडेकोट बंद हव्यात, किंवा याच्या अगदी उलट, सताड उघड्या हव्यात. हवा बाहेर जायची तर तितकीच हवा आत यावी लागते, म्हणून पूर्ण बंद घरात चिमणीचा जोर ओसरतो. पण शेगडीच्या अगदी शेजारची खिडकी उघडी असेल तर वाऱ्याची झुळूक धुराला चिमणीखालून पळवून नेते. यास्तव समोरच्या बाजूची, शेगडीपासून दूरची एखादी खिडकी किंचित उघडी ठेवणे हा मध्यम मार्ग. चिमणी शेगडी पेटवण्यापूर्वीच सुरू करावी, स्वयंपाक आटोपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी, आणि तळणाची कढई शक्यतो भिंतीकडच्या, मागच्या बर्नरवर ठेवावी, कारण तेथून निघणारा धूर चिमणीच्या कक्षेत अधिक सापडतो. छताचा पंखा मात्र त्या वेळी बंद असावा. तो वास घालवत नाही, घरभर वाटून देतो.

वातानुकूलन यंत्राबद्दलही असाच भ्रम आहे. घरोघरी दिसणारे द्विभागी यंत्र बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. आतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवते, आणि तिच्यातील तेलकट अंश स्वतःच्या जाळीवर साठवून ठेवते.

आता सुगंधाकडे वळू. देवापुढील उदबत्ती हा श्रद्धेचा विषय असून तेथे कोणी ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. परंतु तिची वायुशुद्धीच्या खात्यात बदली करून तिच्याकडून मासळीचा किंवा लसणाचा वास घालवण्याची अपेक्षा करणे गैरवाजवी होय. उदबत्तीच्या धुरात सूक्ष्म कण तर असतातच, शिवाय बेंझीन व फॉर्मल्डिहाइड यांसारखी द्रव्येही असतात. कापूर जळतानाही काजळी निघते. म्हणजे हवा शुद्ध होत नाही, तिच्यात आणखी एका धुराची भर पडते. सुगंधी फवाऱ्यांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही, आणि दालचिनी-लवंग पाण्यात उकळत ठेवण्याचा उपाय निरुपद्रवी असला तरी तोही जुन्या वासावर नवा वास पांघरण्याचाच प्रकार आहे. मग सुगंध दरवळताच पहिला वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो तो का? याचे एक कारण म्हणजे घ्राणेंद्रियाचा स्वभाव. कोणताही वास काही मिनिटे सतत येत राहिला, की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. म्हणून स्वतःच्या घराचा वास घरात बसलेल्या माणसास सहसा कळत नाही आणि पाहुण्यास उंबरठ्यावरच कळतो. खरी परीक्षा घ्यायची तर बाहेर फेरफटका मारून परत यावे आणि दार उघडताच पहिल्या श्वासावर विश्वास ठेवावा. ज्या नगरात 1890 साली कलाभवन उघडून रंग व रसायने यांचे शिक्षण देण्यास प्रारंभ झाला, आणि जेथील विद्यापीठाने हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, 1950 मध्ये, गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा स्थापन केली, तेथे तरी हा विषय अदमासाने न चालता थोड्या शास्त्राने चालावा, ही अपेक्षा अवास्तव नसावी.

सोड्याच्या वाट्याला असाच अवाजवी लौकिक आलेला आहे. तुंबलेल्या मोरीत खाण्याचा सोडा टाकून वर व्हिनेगर ओतले, की फसफस होते व ती पाहून काहीतरी पराक्रम घडल्याचा भास होतो. वस्तुतः आम्ल व अल्क यांनी एकमेकांस निष्प्रभ केलेले असते आणि मागे उरते ते पाणी, निरुपद्रवी क्षार व उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. मोरीतील चिकट थर जागच्या जागीच राहतो. त्यापेक्षा भांड्यांचे द्रावण, कढत पाणी आणि लांब दांड्याचा ब्रश यांची सरशी अधिक. फ्रीजमधील वाटीभर सोडा आंबूस वास थोडाफार शोषतो, पण वाटीतील केवळ वरचा थर कामी येत असल्याने त्याची कुवत अल्पच. सक्रिय कोळसा त्याहून सरस, आणि इस्त्रीवाल्याकडचा साधा कोळसा म्हणजे सक्रिय कोळसा नव्हे. याच प्रसंगी एक ताकीद देणे अवश्य आहे: ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि शौचालय धुण्याचे आम्ल, कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या द्रावणाशीही ब्लीचचे सख्य नाही.

मोरीच्या जाळीवर डांबराच्या गोळ्या टाकण्याची जी सार्वत्रिक चाल आहे, तिच्याविषयी मी सौम्य शब्द वापरू शकत नाही. या गोळ्यांतील नॅप्थलीन मोरीतील एकही जंतू दूर करीत नाही. ते स्वतःच बाष्परूपाने हवेत मिसळते आणि जेथे आपण कणीक मळतो, दूध तापवतो, तेथेच आपल्या श्वासात येते. ज्या बालकांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या द्रव्याने फुटतात व गंभीर कावीळ होऊ शकते. चेंडूसारखी पांढरी गोळी रांगत्या मुलाने तोंडात घालण्याचा धोका निराळाच. स्वयंपाकघरातून या गोळ्या तत्काळ हद्दपार कराव्यात. मोरीतून येणाऱ्या वासाचे कारण बहुधा फार साधे असते: नळीच्या वाकणात नेहमी थोडे पाणी साठलेले असते, आणि ते पाणीच गटारातील वायूंना आडवे होऊन उभे असते. मे महिन्यात घर बंद करून कुटुंब पुण्या-रत्नागिरीस गेले, की वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात ते पाणी आटते, पहारा उठतो आणि परतल्यावर घरभर गटाराचा दर्प भरलेला आढळतो. तांब्याभर पाणी ओतले, की काम भागते. आणि मोरी निर्दोष ठरली तर ओट्यावरच्या ओल्या फडक्याची चौकशी करावी. दिवसभर ओले राहिलेले फडके जंतूंची वसाहत असते व पावसाळ्यात, जेव्हा काहीच धड वाळत नाही, तेव्हा रोज दोन फडकी आलटून-पालटून वापरणे व एक कडक वाळवणे यास पर्याय नाही.

मासळीचा प्रश्न या शहरात केवळ नाकाचा नाही, शेजारधर्माचाही आहे, आणि सदनिका भाड्याने घेताना तो कसा विचारला जातो हे सांगण्याची आवश्यकता नाही. ताजी मासळी असली तरी तिला वास असणारच, ही समजूत चुकीची आहे. समुद्रातील मासळीच्या मांसात असलेले एक निर्गंध द्रव्य, ती मेल्यानंतर जंतूंच्या क्रियेने ट्रायमिथिलअमाइन या उग्र द्रव्यात रूपांतरित होते. म्हणजे वास हा मासळीचा गुण नसून तिच्या वयाचा दाखला असतो. हे द्रव्य अल्कधर्मी असल्याने आम्लाशी संयोग पावून उडून जाण्याची शक्ती गमावते. कोकणी घरात मासळीस आगळ किंवा लिंबू चोळून ठेवतात त्यात चवीइतकेच हे रसायनही आहे. भांड्यांनाही हाच न्याय लागू: आधी लिंबाची फोड किंवा चिंच चोळावी, मग साबण. साबण अल्कधर्मी असला तर थेट साबणाने वास उलट मोकळा होतो. अंड्याची भांडी मात्र आधी गार पाण्याने धुवावी, कारण कढत पाण्याने त्यातील प्रथिन शिजून घट्ट चिकटते.

तळणाच्या तेलाविषयी थोडक्यात. शुद्धीकृत सिंगतेल धूर सोडण्याआधी घाणीच्या तेलापेक्षा अधिक तापू शकते हे खरे. पण तेच तेल पुन्हापुन्हा तापवले, की ही मर्यादा प्रत्येक वेळी खाली येते, आणि धूर येऊ लागला म्हणजे डोळ्यांना झोंबणारे अ‍ॅक्रोलिन तयार होऊ लागले असे समजावे. वापरलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक नसावे, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून अमलात आहे. घरी मोजमापाचे साधन नसते. तेल काळवंडले, घट्ट झाले किंवा फेसाळू लागले, की त्यास निरोप द्यावा, मात्र तो मोरीवाटे देऊ नये.

येथपर्यंत जे सांगितले ते वास घालवण्याविषयी. एक वास मात्र असा आहे, जो कधीही झाकू नये. वडोदऱ्यात 1972 पासून नळाने घरोघरी नैसर्गिक वायू येतो आणि या बाबतीत हे शहर देशात अग्रेसर ठरले; तरीही त्या वायूला स्वतःचाच कुजकट वास असतो, असा समज आजतागायत रूढ आहे. नैसर्गिक वायू निर्गंध असतो. गळती कळावी एवढ्याचसाठी त्यात गंधकयुक्त द्रव्य अल्प प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असते, आणि सिलिंडरमधील वायूचीही तीच गोष्ट. फरक एवढाच, की नळाचा वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे जातो आणि सिलिंडरचा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून पहिल्यासाठी वरचे झरोके व खिडक्या आणि दुसऱ्यासाठी दारे आधी उघडावीत. असा वास आल्यास उदबत्ती तर नाहीच, चिमणी व बाहेर हवा फेकणारा पंखादेखील सुरू करू नये, कारण बटणातील ठिणगी स्फोटास पुरेशी होते. दिव्याचे बटण चालू असेल तर चालू व बंद असेल तर बंदच राहू द्यावे. वायूचा मुख्य खटका बंद करावा, सर्वांनी घराबाहेर पडावे आणि दूरध्वनी बाहेरूनच करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी देशभर 1906 हा क्रमांक आहे. नळाच्या वायूसाठीचा क्रमांक देयकावर छापलेला असतो, तो आजच दाराजवळ लिहून ठेवावा.